काकूंच्या माडीवरचा कालप्रवास

काकूंच्या माडीचा जिना अजूनही घराच्या बाहेरूनच आहे, लोखंडी, आणि पाय ठेवला की अजूनही कुरकुरतो. खाली हौदाचं झाकण, झाकणावर पालथी बादली, भिंतीला टेकवलेली सायकल. सायकल तेव्हाची नसणार, टेकवायची जागा मात्र तीच. वारा डाळमिलकडून येत होता. त्याच्याबरोबर तुरीच्या फोलपटांचा तो कोरडा, घशात खवखवणारा वास आला. आज सोमवार असणार, असं उगाच वाटलं. इथं राहून शिकायचे तेव्हा सोमवारी आमच्या क्लासच्या आठवड्याच्या परीक्षेचा निकाल लागायचा. खरं तर आज गुरुवार होता, आणि मी चाळिशी ओलांडलेली, उमरीच्या शाळेत विज्ञान शिकवणारी बाई होते. पण हे नाकाला कोण सांगणार?

माझ्यामागं माझी लेक ऋतुजा उभी होती. पाठीला सॅक, काखेत घरची उशी. बारावीनंतर तिनं मेडिकलची परीक्षा दिली, नंबर लागला नाही. मग नांदेडला घरीच राहून एक वर्ष रिपीट केलं, तेही थोडक्यात हुकलं. आता तिसऱ्या खेपेला लातूरचे क्लास, असं तिच्या पप्पांनी ठरवलं होतं. आमच्याकडे लेकराला लातूरला पाठवत नाहीत, टाकतात. गिरणीत दळण टाकावं तसं. पीठ होऊनच बाहेर येईल याची सगळ्यांना खात्री असते.

मला तिला इथं टाकायचं नव्हतं. पण मी नाही म्हटलं असतं तर तो नवराबायकोचा वाद झाला असता, आणि त्यात ती मुकाट्यानं बापाच्या बाजूला जाऊन बसली असती, कारण तिचा बाप कमी बोलतो आणि जास्त केविलवाणा दिसतो. नकार तिच्या तोंडून यायला हवा होता. तिनं एकदा नुसतं म्हणावं, मम्मी, मला नको. पुढचं सगळं मी निस्तरते. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, चाकूर गेलं, मी मनातल्या मनात हेच घोकत होते. ती कानात वायरी घालून एसटीच्या खिडकीतून बाहेर बघत होती.

काकू दारात आल्या. आता थकल्या आहेत, कमरेत वाकल्या आहेत, पण डोळ्यांवर आडवा हात धरून माणसाला खालपासून वरपर्यंत न्याहाळायची पद्धत गेलेली नाही.

"लोह्याची ना गं तू?" त्या म्हणाल्या. "त्या चाकूरचीसंगं ऱ्हायची ती?"

काकूंनी भाडेकरू पोरींची नावं कधी लक्षात ठेवली नाहीत. मी लोह्याची, माझी खोलीतली जोडीदारीण सुवर्णा चाकूरची, पलीकडच्या खोलीत एक देगलूरची आणि एक किनवटची. दर साली चेहरे बदलतात, तर नावं पाठ करून डोकं कशाला शिणवायचं, असा त्यांचा हिशेब.

"हाव काकू, तीच मी."

"आन ही?"

"लेक माझी."

"लेकीला बी इथंच आणलीस का," काकू म्हणाल्या. यात कौतुक होतं की दुसरं काही, ते मला कळलं नाही. "रिपीट हाय?"

"हाव. तिसरी खेप."

"असू दे, असू दे. लई लेकरं करतेत. तुमचीच खोली रिकामी हाय बघा. बसा वर, मी चहा टाकते. दूध येऊस्तोवर जरा सबर करा."

आम्ही वर गेलो. आमच्या वेळी भिंतींना निळा चुना होता, टेकलं की पाठीला लागायचा. आता गुलाबी ऑइलपेंट आहे. दोन लोखंडी खाटा, दोन टेबलं, मधे एक खिडकी आणि खिडकीत डाळमिलचं पत्र्याचं छप्पर. आम्ही राहिलो होतो ती खोली मनात कितीतरी मोठी होती. ऋतुजा एका खाटेच्या कडेवर पाहुण्यासारखी बसली, उशी मांडीवर घेऊन. मी दुसऱ्या खाटेवर बसले, ती माझीच बाजू होती. आणि मग मी ठरवलं की हिला आता सगळं सांगायचं. नुसतं नको म्हणून भागणार नाही, इथं काय असतं ते कळलं की आपोआप नको म्हणेल.

मीही इथं मेडिकलसाठीच रिपीट केलं होतं, आणि ज्यानं कधी रिपीट केलं नाही त्याला ते साल समजावणं अवघड आहे. बाकीच्यांचं वय वाढतं, रिपीटरचं वाढत नाही. जूनमध्ये पुन्हा तोच पहिला धडा, तीच आकृती, तोच खडूचा आवाज. पहाटेच्या स्टोव्हचा भरभराट तोच. डब्यातलं वरण तेच, वरणावर तरंगणारी लाल मिरची तीच, डब्याच्या कडीला चिकटलेली भाकरीची राख तीच. टँकरचा भोंगा वाजला की हातातलं पुस्तक टाकून घागरी घेऊन पळायचं, आणि परत येऊन त्याच ओळीवर बोट ठेवायचं. रविवारी संध्याकाळी आम्ही गोलाईला जायचो. गोलाईच्या बाजारातून चहूकडे रस्ते फुटतात, कुठला कपड्यांचा, कुठला भांड्यांचा, कुठला गुळाचा. आम्ही गोल फिरायचो, शेंगदाणे खायचो, बांगड्यांच्या दुकानासमोर थोडं रेंगाळायचो आणि आलो त्याच रस्त्यानं परत. दुसऱ्या एखाद्या रस्त्यानं शेवटपर्यंत जाऊन बघावं, असं माझ्या कधी मनातसुद्धा आलं नाही.

आम्हाला फिजिक्स शिकवणारे सर लिफ्टच्या धड्याला दर साली तोच विनोद करायचे. लिफ्टची दोरी तुटली की आतल्या माणसाचं वजन शून्य होतं. तेव्हा सासूबाईंना वजन कमी करायचं असेल तर डॉक्टर नको, लिफ्ट दाखवा. पहिल्या साली आम्ही विनोद झाल्यावर हसलो. दुसऱ्या साली सर "सासूबाई" म्हणाले तेव्हाच हसलो. आणि तिसऱ्या साली त्यांनी फळ्यावर लिफ्टचा चौकोन काढला मात्र, मागच्या बाकांवरून असा हशा उठला की सर गोंधळून वळले, चष्मा पुसला आणि विनोद करायचा विसरून थेट गणिताला लागले. नव्या पोरी आमच्याकडे बघत राहिल्या. बाहेर पडताना सुवर्णा म्हणाली, "बघितलंस का, विनोद झालाच न्हाई आन आपण त्याला हसून बसलो. परिणाम आधी, कारण गायब. हेच मी म्हणून राहिले होते तुला."

सुवर्णा हे नेहमीच म्हणून राहिलेली असायची. चाकूरच्या वाचनालयातून ती विज्ञानकथांची पुस्तकं आणायची आणि केमिस्ट्रीच्या पुस्तकात घालून वाचायची. काटकुळी, लांब वेणी, वेणीला खोबरेल तेलाचा भपका, आणि बोलायला लागली की हातातली भाकरी वाळून जायची. तिला राक्षस, उडत्या तबकड्या, यंत्रमानव असलं काही आवडायचं नाही. तिला फक्त काळ लागायचा. माणूस मागं गेला तर काय, पुढं गेला तर काय, परत आला तर स्वतःलाच भेटेल का, आणि भेटला तर जेवायला कोण कोणाला वाढणार.

एकदा माडीवर काकू ज्वारी पाखडत होत्या. सुपाचा तो एका लयीतला आवाज, उडणारा भुसा, आणि सुवर्णा त्यांना समजावत होती.

"समजा काकू, मी यंत्रात बसून मागं गेले, आन माझ्या आज्याला त्याच्या लग्नाच्या आधीच मारून टाकलं. मग माझा बाप झाला न्हाई. बाप न्हाई तर मी न्हाई. मग आज्याला मारलं कोणी?"

काकूंचं सूप थांबलं. "पण मारायचंच कामून? आज्यानं काय घोडं मारलं गं तुजं?"

"अवो, समजा म्हणायलेय मी."

"समजा म्हणून का हुईना, म्हाताऱ्या माणसाला मारतेत का? येवढी मागं जायलीसच तर दुसरं कायतरी कर की. आज्याला म्हणावं, गोलाईत दोन गाळे घिऊन ठिव. आता हात लावू देत न्हाईत तिथं."

नंतर मी कालप्रवासाच्या पुष्कळ कथा वाचल्या, त्यांच्यावरचे पिक्चर बघितले. सगळीकडे माणसं मागं जातात ती कोणाला तरी मारायला, नाहीतर कोणाला तरी वाचवायला. गाळे घ्यायला कोणी गेलेलं मला अजून भेटलेलं नाही.

आम्हाला दोघींना मात्र गाळ्यांचं काही नव्हतं, आम्हाला प्रश्नपत्रिका हवी होती. सुवर्णानं त्यातही मेख मारून ठेवली. ती म्हणायची, समजा पुढच्या सालची मी मागं आले आणि आत्ताच्या मला सगळी उत्तरं सांगून गेले. मी ती लिहिली, माझा नंबर लागला. मग पुढच्या साली मी मागं जाऊन तीच उत्तरं सांगितली. तर ती उत्तरं मुळात काढली कोणी? मी म्हणायचे, कोणी का काढेना, नंबर तर लागला. यावर ती अबोला धरायची. तिला नंबरापेक्षा ते कोडं सुटायला हवं होतं. तिची परीक्षा हुकत राहण्याचं कारण तेच असावं, असं माझं तेव्हा मत होतं.

तिच्याजवळ एक अनुवादित कथांचं पुस्तक होतं, मुखपृष्ठ गेलेलं, शेवटची पानं उंदरांनी खाल्लेली. त्यातली शेवटची कथा एका दीपगृहाच्या रखवालदाराची. त्याचा धाकटा भाऊ एका सकाळी होडी घेऊन समुद्रात जातो आणि बुडतो. पुढं कितीतरी दिवसांनी रखवालदाराला दीपगृहाच्या तळघरात एक दार सापडतं. ते उघडलं की तो त्याच सकाळी पोहोचतो. तो भावाला थांबवायला जातो, वल्ही लपवतो, किनाऱ्यावरून हाका मारतो, आणि दर वेळी त्याच्याच कुठल्यातरी करणीनं भाऊ होडीत बसतो. एकदा तर भाऊ त्याला ओळखतच नाही. किनाऱ्यावर कोणी वेडा हातवारे करतोय, असं समजून घाबरतो आणि होडी आणखी आत नेतो. इथपर्यंत वाचून झालं की पुस्तक संपायचं. पुढं रखवालदार सुटतो की नाही, ते उंदरांच्या पोटात.

आम्ही कोणी समुद्र पाहिलेला नव्हता. आमचं पाणी टँकरनं यायचं. तरी सुवर्णानं ती कथा इतक्यांदा सांगितली की टँकरच्या पाइपातून पहिलं पाणी हौदात पडायला लागलं, की मला लाटाच ऐकू यायच्या. तिला त्या शेवटाचा ध्यास लागला होता. कधीकधी अभ्यास करता करता थांबायची आणि विचारायची, "तुला काय वाटतं गं, सुटला असंल का त्यो?" मला तेव्हा काही वाटत नसे. मला सोमवारची भीती असायची.

मग कळलं की त्या कथेवर परदेशात पिक्चर निघालाय आणि आमच्या गल्लीचा केबलवाला येत्या रविवारी दुपारी तो लावणार आहे, हिंदीतून. तो सीडीचा जमाना होता. एक पिक्चर दोन सीडींवर यायचा आणि केबलवाला आपल्या खोलीत बसून एक संपली की दुसरी घालायचा. पडद्यावर खाली त्याची जाहिरातींची पट्टी फिरत राहायची, साड्यांच्या सेलची आणि मूळव्याधीच्या दवाखान्याची. सुवर्णानं काकूंच्या मिनतवाऱ्या केल्या. काकू म्हणाल्या, बघा, पण आवाज बारीक ठेवा, माझा डोळा लागतो. आम्ही सगळ्या पोरी त्यांच्या बैठकीत फरशीवर बसलो. कूलरच्या वाळ्याचा वास, कुणीतरी सोललेल्या संत्र्याचा वास, आणि पडद्यावर पाणीच पाणी.

पिक्चर सुरू झाला तो एकदम. रखवालदार दार उघडतो आणि आत जातो. ना आगा ना पिछा. मग ते सगळं, वल्ही, हाका, हातवारे, पुन्हा दार, पुन्हा तीच सकाळ. शेवटी दार बाहेरून बंद होतं आणि तो आतच अडकतो. आम्हाला वाटलं, संपला. पण क्षणभर पडदा काळा झाला आणि मग नावं यायला लागली, पिक्चरचं नाव, नटांची नावं. देगलूरची म्हणाली, इंग्रजी पिक्चरमधी नावं मधीच येतेत. आम्ही माना डोलावल्या. नंतर भाऊ जिवंत. दोघं भाऊ जेवतात, हसतात. मग भाऊ बुडतो. मग दुःख, लांबलचक. मग रखवालदाराला दार सापडतं. तो कडीवर हात ठेवतो. थांबतो. मान वळवून मागं खिडकीतून समुद्राकडे बघतो, कडीवरचा हात खाली येतो. आणि तिथंच पिक्चर थांबला. केबलवाल्यानं लगेच भजन लावलं.

केबलवाल्यानं दुसरी सीडी आधी घातली होती आणि पहिली नंतर. एवढंच झालं होतं. कौटुंबिक पिक्चर असता तर काकूसुद्धा झोपेतून उठून म्हणाल्या असत्या की उलटं लागलंय. पण हा काळाचा पिक्चर होता, आणि आम्ही सगळ्या विज्ञानाच्या, त्यातून रिपीटर. मेलेला माणूस नंतर जिवंत झाला तर आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट फारच हुशारीचं वाटलं. ताटं घासता घासता चर्चा झाली. किनवटचीनं राखेत बोटानं आलेख काढून दाखवला, काळ आडवा, माणूस उभा. देगलूरची म्हणाली की दिग्दर्शकानं कारण आणि परिणाम यांची अदलाबदल केलीय. मीसुद्धा काहीतरी विद्वत्तेचं बोलले. इतक्या मन लावून आम्ही परीक्षेचा अभ्यास केला असता तर बरं झालं असतं.

सुवर्णा एकटी त्यात नव्हती. कपडे वाळत घालायच्या दोरीपाशी उभी राहून ती मला म्हणाली, "त्यानं दार उघडलंच न्हाई शेवटाला. बघितलंस ना? हात ठेवला आन काढला. सगळा पिक्चरभर त्याला तेवढंच करायचं हुतं."

त्याच आठवड्यात तिचे वडील आले. ते दर महिन्याला ज्वारीचं पोतं घेऊन यायचे, अण्णा म्हणायची ती त्यांना. पांढरं धोतर, टोपी, अंगाला उन्हाचा आणि एसटीच्या धुराचा वास. ते जिन्याच्या पायरीवर बसून पाणी प्यायले, आणि सुवर्णा समोर उभी राहून म्हणाली, "अण्णा, मी येते तुमच्यासंगं."

"सणाला का?"

"न्हाई. कायमची. मला न्हाई हुत हे. मी बीए करते चाकूरला."

अण्णांनी तांब्या खाली ठेवला. मला वाटलं, आता ओरडतील, नाहीतर रडतील. पलीकडच्या पोरीसुद्धा दारातून बघत होत्या. अण्णांनी टोपी काढून झटकली, पुन्हा घातली आणि म्हणाले, "गादी घ्यायची का बरोबर?"

गादी बरोबर गेली. सुतळीनं बांधून एसटीच्या टपावर टाकली. तिच्या खाटेचे उघडे लोखंडी पट्टे मी पुढं कितीतरी दिवस बघत होते. खोलीतून तिच्या तेलाचा वास जायला पुष्कळ वेळ लागला. तो गेला तेव्हा मला जास्त वाईट वाटलं.

मी मात्र तिथंच थांबले. ते साल संपलं, निकाल लागला, माझं थोडक्यात राहिलं. मग बीएस्सी, बीएड, उमरीची शाळा, लग्न, नांदेडचं घर. लग्नानंतर एकदा नांदेडला वजिराबादच्या एका हातगाडीवर मला तो पिक्चर दिसला, खोक्यावर दीपगृह. नवऱ्याला म्हटलं, हा घ्या, फार भारी शेवट आहे. घरी येऊन लावला. सीडीवर एक आणि दोन असं ठसठशीत लिहिलेलं. एक लावली. भाऊ जेवतात, हसतात. भाऊ बुडतो. दार सापडतं. कडीवर हात, मागं वळून बघणं, हात खाली. मग दोन लावली. त्यानं पुन्हा कडीवर हात ठेवला आणि दार उघडलं. मी आधी खूप हसले. नवरा विचारत होता, काय झालं, काय झालं, आणि मला हसू आवरेना. पण पिक्चर शेवटाला आला, रखवालदार आतून दारावर मुठी आपटायला लागला, तेव्हा माझं हसू गेलं. उंदरांनी खाल्लेल्या पानांत हेच असणार. तो सुटलेला नव्हता. माझ्या पाठीला तो निळा चुना लागलाय असं वाटलं आणि मी पंखा लावला.

काही दिवसांनी मी सुवर्णाला फोन केला. ती तोवर चाकूरच्या एका पतसंस्थेत कामाला लागली होती, एक मुलगा झाला होता. मी तिला सगळं सांगितलं, सीडी उलटी लागली होती, तो दार उघडतो, तो आतच राहतो. मग ती म्हणाली, "मग आता काय करू? परत येऊ का लातूरला?" आणि आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. ती सुखात आहे का, हे मी तिला कधी विचारलेलं नाही. तिला सासू आहे, कर्ज वसुलीची कटकट आहे, गुडघा दुखतो. पण तिचं वय वाढलं. माझं मात्र काहीतरी त्या खाटेवर तसंच बसून राहिलंय, एकोणीस-वीस वर्षांचं, सोमवारची वाट बघत.

हे सगळं मी ऋतुजाला सांगितलं. विनोदाचं, आज्याचं, सीडीचं, गादीचं, फोनचं. माझं काहीतरी खाटेवर बसून राहिल्याचंसुद्धा. आई म्हणून जे सांगायचं नसतं तेही सांगितलं, की तिसऱ्या निकालानंतर मी कित्येक महिने आरशात बघून भांग पाडला नाही. तिनं कानातल्या वायरी काढून ठेवल्या होत्या. मधेमधे ती हसली, लिफ्टच्या विनोदाला तर फारच. इतकं मन लावून तिनं माझं कधी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, लागू पडतंय. आता म्हणेल.

काकू चहा घेऊन आल्या. दुधाला उशीर झाला म्हणून बिस्किटं जास्त आणली होती. त्या उंबऱ्यातच टेकल्या.

"म्हणजे त्या सुवर्णा मावशी चुकून घरी गेल्या," ऋतुजा म्हणाली.

"चुकून का होईना, सुटली की ती."

"पण खरा शेवट माहीत असता तर थांबल्या असत्या ना? कदाचित पुढच्या वेळी त्यांचा नंबर लागला असता."

"कदाचित लागला नसता," मी म्हटलं. "माझा कुठं लागला?"

"तुझं थोडक्यात राहिलं, मम्मी."

ती हे फार मायेनं म्हणाली. तिनं चहाचा कप खाली ठेवला.

"खरं सांगू? बसमध्ये मी तुला सांगणार होते, मला नको म्हणून. लोह्यापासून तेच जुळवून राहिले होते. पप्पांना कसं सांगायचं, तुला कसं सांगायचं. चाकूर आलं तेव्हा अगदी तोंडावर आलं होतं." ती माझ्याकडे बघत होती, डोळे भरलेले. "पण तू एवढं सोसलंस इथं. याच खोलीत. मला कधी बोलली नाहीस. तुझं राहिलंय ना ते, मी करते. अजून एकदाच."

मी म्हटलं, नको. या वेळी स्पष्ट म्हटलं, मोठ्यानं. "ऋतू, मी सांगते, नको. तू मला हवी आहेस, डॉक्टर नको. बॅग उचल, आत्ता जाऊ." ती उठून माझ्याजवळ येऊन बसली आणि माझा हात हातात घेतला. म्हणाली, तू काळजीनं म्हणतेस, मला कळतंय. मी म्हटलं, काळजीनं नाही, मला खरंच नको आहे. तिनं माझे डोळे पुसले. उंबऱ्यातून काकू म्हणाल्या, "लेकरू लई गुणाचं हाय गं. करून दावंल बघ."

मी पप्पांशी बोलते म्हटलं, तर ती म्हणाली, पप्पांना काही सांगू नकोस, त्यांना वाईट वाटेल. इथं तुला जेवण आवडणार नाही म्हटलं, तर म्हणाली, तूही तेच खाल्लंस की. मी जितकं नको म्हणत गेले, तितकी ती समजूतदार होत गेली. शेवटी मी गप्प बसले, आणि तिला वाटलं, मम्मी हो म्हणाली.